देवाकडे तोंड करून

या मंडळी, जरा जवळ सरका. निळकंठबुवांच्या मोटारीची गंमत सांगतो.

दरीतल्या देवळात कीर्तन आटोपून बुवा निघाले. वरच्या गावी पुढच्या कीर्तनाला मंडप भरला होता. पण त्यांची म्हातारी ऑटोमॅटिक गाडी चढावर नुसती गरजायची, पुढे सरकायचीच नाही. मेकॅनिक दस्तगीरने गिअरचं तेल हुंगलं.

"तेल जळलंय, बुवा. पुढचे गिअर घसरतायत. रिव्हर्स तेवढा घट्ट धरतोय."

"मग वर जायचं कसं?"

"उलटी न्या की!"

"तरी म्हणत होते, विका हे धूड," बुवांच्या सौ. मागच्या सीटवरून म्हणाल्या.

बुवांनी देवाचं नाव घेतलं, मान वळवली आणि गाडी उलटी चढावर घातली. देवळाच्या पायऱ्यांवरचे गावकरी थक्क झाले.

"बघा, गाडीतूनसुद्धा देवाला पाठ दाखवत नाहीत!"

बुवा ओशाळले. खिडकीतून ओरडले, "अहो, पुढचा गिअर गेलाय!"

"ऐकलंत? मोठेपणा स्वतःकडे घेतच नाहीत!"

त्या जयजयकारात गाडी वर पोचली. बुवांना नमस्कार तर सगळेच करतात. तुम्ही देवळातून उलट्या पावलांनी निघाल, तेव्हा आमच्या दस्तगीरचीही आठवण ठेवा.