छपराची ठिगळं

नवं छप्पर घालायचं म्हणून जुनं उतरवायला घेतलं आणि आजींचा जीव टांगणीला लागला. गळतीवर वर्षानुवर्षं फासलेल्या डांबराचा एकेक थर निघत होता आणि त्याखालचं लाकूड भिजलेल्या पावासारखं कुस्करलं जात होतं.

"डांबरानं पाणी आतच कोंडलं!" सुतार वरून ओरडला. "रोगापेक्षा इलाज भयंकर. आता मधली तुळईही सडली असेल, तर छप्पर राहू दे, घरच उतरवावं लागेल."

त्याने तुळईवर हातोडी मारली. खाली आजी, आजोबा आणि त्यांचा शिक्षक मुलगा, तिघेही श्वास रोखून उभे. दुसरा ठोका. तिसरा.

"टणक आहे! थोडक्यात वाचलात."

मुलाच्या जिवात जीव आला, तसा त्याचा राग उफाळला. "बाबा, किती वेळा सांगितलं होतं, जाणता माणूस बोलवा म्हणून! पण नाही. मी शाळेतून यायच्या आत डांबराचा डबा रिकामा! कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

आजी काही बोलणार, तेवढ्यात वरून टाकलेली डांबराची एक खपली आजोबांच्या पायाशी येऊन पडली. तिच्यावर हाताच्या पंजाचा लहानसा ठसा होता. आजोबांनी हातातलं वर्तमानपत्र अलगद तिच्यावर ठेवलं.

"चुकलं रे माझं," ते म्हणाले.

* * *

स्टुलावर उभं राहिलं तरी आजोबांना घेरी यायची. छपरावर आयुष्यभर आजीच चढत आल्या होत्या.