मोटेवरचं गाणं

"बाई, ही पाटी घ्या माघारी. माझ्यानं काय व्हायचं न्हाई."

झुंबरबाईनं पाटी दबोराबाईंच्या पुढ्यात ठेवली. राहू गावच्या शाळेच्या पडवीत दुपारी बायकांचा वर्ग भरत होता. सगळ्याजणी 'कमळ', 'गवत' वाचायला लागल्या होत्या. तीन आठवडे झाले, तरी झुंबरबाईच्या डोळ्यांपुढं नुसत्या मुंग्याच होत्या. चाळिशी उलटलेली बाई. आपलं हसं होतंय, एवढं मात्र तिला नीट कळत होतं.

दबोराबाई शिरूरच्या मिशनशाळेत शिकून मास्तरीण झालेल्या. त्यांनी पाटीला हात लावला नाही. म्हणाल्या, "जा, पण आज मी सगळ्यांना आवडीचं गाणं विचारतेय. तुमचं तेवढं सांगून जा. जन्मभरात सगळ्यात आवडलेलं, एकच."

शेवंताबाईनं आरती सांगितली होती, भागुबाईनं जात्यावरची ओवी. झुंबरबाई खांबाला टेकून उभी राहिली. म्हणाली, "आमच्या मालकांचं. मोटंवरचं."

बायका हसल्या.

"म्हणून दाखवा," दबोराबाई म्हणाल्या.

झुंबरबाईनं पदर तोंडाशी धरला आणि त्याच्या आडून म्हटलं,

"मोट गेली खाली, आली भरून वर,
पाणी आलं, झुंबर, दारं नीट धर."

"एवढंच?"

"एवढंच. दिसभर."

"मग हेच का आवडतं?"

"घरात सासू-सासरे. मालकांनी मला कवा नावानं हाक मारली न्हाई. अगं म्हणायचं, न्हाईतर पोराच्या नावानं. पर मोटंवर बसलं की निम्म्या शिवाराला ऐकू जाईल असं माझं नाव घ्यायचं. मी लांब उसात दारं धरायला, पाटाचं पाणी सरीसरीत वळवायला. पाणी यायच्या आदी नाव यायचं. आता इंजान बसलंय. पाणी लई येतं. पर त्या आवाजात कोण गाणं म्हणतंय?"

आता कुणी हसलं नाही.

दबोराबाईंनी फळा पुसला आणि दोन्ही ओळी मोठ्या अक्षरांत लिहिल्या. "आता पुन्हा म्हणा. हळू. मी बोट फिरवते."

झुंबरबाईनं पदर सोडला. गाणं पुढं सरकलं तसं बोट सरकलं. 'झुंबर'पाशी दोन्ही थांबली.

"ह्ये मी?"

"हे तुम्ही."

ती फळ्याजवळ गेली. नाकाला खडूची धूळ लागेल इतकी जवळ. कधी वरच्या ओळीकडं, कधी खालच्या ओळीकडं बघत राहिली. ओठ हलत होते. मग तिनं वरच्या ओळीच्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं, तिथून आपल्या नावाच्या शेवटी नेलं, तिथून अगदी खालच्या टोकाला.

"वर. झुंबर. धर." तिचा आवाज चढला. "बाई, ह्ये तिन्हीकडं एकच हाय! र!"

"र," दबोराबाई म्हणाल्या.

भागुबाईनं टाळी वाजवली. मग सगळ्याच बायका उठून फळ्याशी आल्या. झुंबरबाईनं खडू मागून घेतला आणि ओळींच्या खाली पहिल्यांदा आपलं नाव काढलं. झ वाकडा आला, टिंब भलतीकडं गेलं. र मात्र खणखणीत उतरला.

तास संपला. बायका पांगल्या. झुंबरबाई मात्र फळ्यापाशीच घुटमळत होती.

"काय हो?" दबोराबाईंनी विचारलं.

तिनं आजूबाजूला पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"बाई, मालकांचं नाव तोंडानं घ्यायचं नसतंय," ती हळूच म्हणाली. "पर लिवलं तर चालंल न्हवं?"