उलटा माऊस

संगमनेरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये विमलबाई चार दिवसांपासून दुपारी विमानाचा खेळ खेळायला येत होत्या. निवृत्त नर्सबाईंना या वयात हा कसला नाद लागला, याचं क्लास चालवणाऱ्या वृषालीला नवल वाटे. विमान काही केल्या उडेना. आज त्या वैतागल्या.

“बघ गं पोरी, तुझा माऊस बिघडलाय. पुढं ढकलला की विमान खाली जातं, मागं ओढला की वर.”

वृषालीने माऊसमधली गोळी काढली, आतली धूळ नखाने खरवडली. तरी तेच. मग तिच्या लक्षात आलं.

“बिघडला नाही मावशी. खऱ्या विमानाचा दांडा असाच चालतो, म्हणून खेळातही तसंच ठेवलंय. थांबा, तुमच्यासाठी सरळ करून देते.”

विमलबाईंनी पटकन तिचा हात धरला.

“खऱ्या विमानात असंच असतं?”

“हो.”

“मग ऱ्हाऊ दे तसंच. माझी लेक सीमा हवाई दलात विमान चालवायला शिकतीय. सोमवारी पहिल्यांदा एकटी उडणार हाय. वर गेल्यावर तिचे हात काय करत असतील, ते माझ्या हातांना तरी कळू दे.”