पिवळ्यावर काळं
"हे शिफ्टचं वेळापत्रक आहे की जत्रेचं पोस्टर?" आमच्या महाळुंग्याच्या कारखान्याचे एचआर मॅनेजर श्रीपाद सर हसत म्हणाले. कामगारांना मोबाइलवर दिसणारं वेळापत्रक मी नव्याने केलं होतं. पिवळ्याजर्द पट्टीवर काळेकुळकुळीत, अंगठ्याएवढे आकडे. सरांना जुनंच हवं होतं, पांढऱ्यावर फिकट राखाडी, बारीक अक्षरांचं. त्यांच्या मते ते सोबर दिसतं. "मग सर, गेटपर्यंत चला," मी म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता निघाले. पहिली शिफ्ट सुटली होती. कंपनीच्या बससाठी बायकांची रांग लागली होती, त्यात माझी आईही होती. गेल्या सोमवारी तिने त्या राखाडी सहाला आठ वाचलं, तिची बस चुकली आणि सरांनी तिचा खाडा मांडला. तिच्या तडा गेलेल्या मोबाइलवर जुनं वेळापत्रक उघडून मी तो सरांच्या हातात दिला. "सांगा, उद्या हिला किती वाजता यायचंय?" रणरणत्या उन्हात सरांनी मोबाइल जवळ धरला, लांब धरला, हाताने आडोसा केला. "आठ," ते म्हणाले. आईने तळहात पुढे केला. सुपरवायझरला विचारून तिने त्यावर पेनाने सहा लिहिला होता, गिरवून गिरवून जाड केलेला. मागच्या बायकांनीही एकेक करून आपले हात उघडले. प्रत्येकीच्या हातावर तसाच जाड आकडा. "सहा हाय, साहेब," आई म्हणाली. "मांडायचा का तुमचा खाडा?"