भेगेवरची काच

शहराखालूनच भूकंपाची भेग गेलेली, म्हणून शाळेच्या दोन्ही इमारती तपासायला इंजिनिअर आला. दोन्हीकडे जिन्याजवळच्या भिंतीला तडा होता. त्या तड्यांवर त्याने काचेची एकेक पट्टी आडवी चिकटवली. "भिंत केसभर जरी सरकली, तरी पट्टी तडकेल," हे त्याने मोठ्या बाईंना ऑफिसात बसून नीट समजावलं. नव्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या मावशींना मात्र बाई जाता जाता हसत एवढंच म्हणाल्या, "मावशी, काचेला जपा हं. फुटली तर तुमची नोकरी गेली म्हणून समजा!"

सहा महिन्यांनी इंजिनिअर परत आला. जुन्या इमारतीतली पट्टी तडकली होती. नव्या इमारतीतली त्याने बोटाने चाचपून पाहिली, साधा चरासुद्धा नव्हता.

"ही भक्कम आहे. सगळी मुलं इकडे हलवा."

बाईंनी मावशींचा हातच धरला. "तुमच्या नातीचा वर्गही आता इथंच, या जिन्याशेजारी. खूश ना?"

मावशींचा जीव भांड्यात पडला.

शाळा सुटल्यावर त्या फोटोफ्रेमवाल्याच्या दुकानात गेल्या.

"आता ही कितवी पट्टी, मावशी?"

"पाचवी. एक जवळ असलेली बरी. आणि या वेळी जरा जाड दे रे बाबा. कुणाचा हात न लागता चार तडकल्या मेल्या, आता तर चारशे पोरं यायची आहेत!"