गोधडीच्या पोटातला खिसा

"मधल्या थरात घाल. वर दिसायला नको," हौसराव म्हणाले आणि उगाच दाराबाहेर बघायला लागले.

विठाबाईनं निळा शर्ट मांडीवर पसरला. सणसवाडीच्या कंपनीचा, लेकाचा, सत्यजीतचा. धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला. तान्ह्याच्या गोधडीला कोरं कापड घेत नाहीत, ते अंगाला टोचतं. माणसानं वापरून निवलेलं जुनेरच हवं. वर विठाबाईचं हिरवं लुगडं, खाली हौसरावांचं धोतर, आणि मधे हा शर्ट.

तिनं कॉलर काढली, बाह्या काढल्या. खिसा उसवायला सुई लावली, पण हात काही चालेना. राहू दे म्हणाली. गुंड्या हौसरावांनी गुपचूप उचलून बंडीच्या खिशात टाकल्या.

आतल्या खोलीत सायली बाळंतीण होती. पहिलटकरीण, आणि पोरगा झालेला. हौसराव खोलीत जाताना अजून उंबऱ्याशी खाकरायचे. शेजारच्या बानूबाईला त्याचं हसू यायचं.

"आता कसली वर्दी देता, दाजी? लेकच हाय की."

"सवय हाय," हौसराव म्हणायचे.

"दमलीस गं विठा," बानूबाई म्हणाली. "बाळंतपण म्हंजी काय खेळ न्हाई."

"माझ्याकडं न्हाई यायची तर कुणाकडं जायची? तिला दुसरं हाय कोण?"

कामाची हौस दांडगी बाईला. डिंकाचे लाडू, शेक, धुरी, आणि वेळ मिळाला की धावदोरा. पण खरी काळजी होती ती बारशाची. कासुर्डीहून पप्पू येणार, सायलीचा नवरा, आणि त्याची आई अंजनाबाई. खाऊनपिऊन सुखी घर. त्यांनी ही जुनेराची गोधडी नाकारली तर? गोधडी परत आली म्हणजे माणसंही परकी झाली. मग हे पोर पुन्हा मांडीवर यायचं कसं? ह्या एका धास्तीनं तिला घास गोड लागत नव्हता.

सायलीनं गोधडी हातात घेतली, चाचपली. बोटं मधोमध थांबली. तिनं ती तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली घेतलीच नाही.

"आई, सासूबाईंना मी सांगू?"

"काय सांगायचं न्हाई. आन् बाळंतिणीनं डोळ्याला पाणी आणू नये."

बारशाला अंजनाबाई आल्या. बाई उंचपुरी, बोलायला तोलूनमापून. पप्पूनं वाकून विठाबाईच्या पाया पडून घेतलं आणि तो पाळणा बांधायला गेला. अंजनाबाईंनी गोधडी उलटी केली, टाके पाहिले.

"टाका लई बारीक हाय," त्या म्हणाल्या.

विठाबाईच्या जिवात जीव आला. तेवढ्यात अंजनाबाईंचा तळवा मधोमध अडखळला.

"आत खिसा हाय का काय?"

उंबऱ्याशी उभे असलेले हौसराव बंडीच्या खिशातल्या गुंड्या चाळवत राहिले.

"सत्यजीतचा शर्ट हाय," विठाबाई म्हणाली. "चुकलं माझं. चालत नसंल तर आत्ता उसवते. बाळाला तेवढं नेऊ नका लगेच."

ती सुईदोऱ्याचा डबा शोधायला उठली. अंजनाबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मग गोधडी पाळण्यात अंथरली, बाळ उचललं आणि त्याचा गाल नेमका खिशावर येईल असं निजवलं.

"उसवता कशाला, विठाबाई?" त्या हळू म्हणाल्या. "तुम्ही आमच्या घरी येत न्हाई, म्हणून ठावं न्हाई तुम्हाला. तुमची सून लेक म्हणून आमच्या पदरात घातलीत, तवा तुमच्या लेकाचा फोटोबी तिच्यासंगं आलाय. त्याला रोज हार आमचा पप्पूच घालतो."