चाळीस किलो

हिवरखेडजवळच्या कापसाच्या जिनिंगात वजनकाट्याचा लॅपटॉप सकाळीच बंद पडला. अकोल्याहून आलेल्या मोईजनं त्यात नवी सिस्टीम टाकली, पण काट्याचं वजन स्क्रीनवर आणणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, काही केल्या लागेना. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग वाढत चालली होती. शेवटी काट्याच्या कंपनीचा ताजा ड्रायव्हर सापडला आणि स्क्रीनवर आकडे उमटले. खात्री करायला त्यानं देवराव या शेतकऱ्याची, लॅपटॉप बंद पडायच्या आधी मोजलेली भरली गाडी पुन्हा काट्यावर घेतली. सकाळच्या पावतीवर अकरा क्विंटल होते. आता चाळीस किलो जास्त भरले.

मोईजनं ड्रायव्हर तीनदा काढला, तीनदा टाकला. चाळीस किलो हटेनात. आपल्या हातून काटा बिघडला, आता काही खैर नाही, असं मनात घोकत तो मॅनेजरच्या खोलीत गेला.

“साहेब, काटा जास्त दाखवून राह्यला.”

मॅनेजरनं उठून दाराला आतून कडी लावली.

“बरोबर दाखवून राह्यला. जुना ड्रायव्हर कुठी ठेवला तू?”

“पुसल्या गेला, साहेब.”

“मंग तसाच दुसरा बनव. त्याबिगर बाहेर जायचं नाई.”

तेवढ्यात खिडकीच्या गजांतून देवरावांनी आत डोकावून विचारलं, “झाला का भाऊ काटा दुरुस्त?”